स्वेटरला लोकर नक्की किती घ्यायची? अंदाजपंचे नको, गेल्या वेळी बाही अर्धी राहिलीय

मेघा_नाशिक
नमस्कार मंडळी, विणकामाचे जुने धागे चाळले पण हवं ते सापडलं नाही म्हणून नवीन काढतेय.

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांसाठी राखाडी स्वेटर विणला. दुकानदार म्हणाला चार गुंडे भरपूर होतील, मी चार घेतले, पाठ झाली पुढा झाला एक बाही झाली आणि दुसरी बाही कोपराच्या खाली येईपर्यंत लोकर खल्लास. लेबल घेऊन पुन्हा दुकानात गेले तर त्या लॉटचा (एकाच वेळी रंगवलेला) माल संपलेला. दुसऱ्या लॉटचा राखाडी ट्यूबलाइटखाली डिट्टो तोच दिसत होता, घरी येऊन उन्हात धरला तर चक्क हिरवट! शेवटी झालेली बाही पण कोपरापर्यंत उसवली आणि दोन्ही बाह्यांना खाली मरून रंगाचा पट्टा टाकला. सासरे बिचारे सगळ्यांना सांगतात सूनबाईंनी खास डिझाइन केलंय.

आता भावासाठी विणायचाय, तो कॅनडात असतो, छाती ४२ इंच, पूर्ण बाह्या, पुढे मधोमध केबलचा, म्हणजे वेणीच्या विणीचा, पट्टा. पॅटर्न अमेरिकन आहे, त्यात वर्स्टेड (मध्यम जाडीची) लोकर १२०० यार्ड आणि ८ नंबरच्या सुया लिहिलंय. आपल्याकडच्या गुंड्यावर फक्त १०० ग्रॅम छापलंय, लांबी कुठेच नाही. दुकानदार म्हणतो पाच घ्या. मी एक आणलाय सॅम्पल विणायला आणि त्याच लॉटचे पाच बाजूला ठेवायला सांगितलेत. किती घेऊ? यार्डाचे गुंडे कसे करायचे?

जोशीकाकू_ठाणे
अगं मेघा, पहिलं काम म्हणजे ते बाजूला ठेवलेले पाच उद्याच्या उद्या घेऊन ये. दुकानदाराने बाजूला ठेवलेली लोकर आणि मांजराने राखलेलं दूध, दोन्ही सारखंच. न उघडलेला गुंडा परत घेणार का ते आधीच विचार आणि पावतीवर लिहून घे. बऱ्याच दुकानांत घेतात, लेबल जागेवर असलं की झालं.

आमच्याकडे हिशोब सोपा. बाळाच्या झबलं टोपडं मोज्याला दीडशे ग्रॅम, बाईच्या पूर्ण बाह्यांना अर्धा किलो आणि पुरुषमाणसाला सहाशे. उरली तर टोपी होते, टोपी कोणी नको म्हणत नाही.

उलट_सुलट
काकूंचा मान राखून थोडा विरोध करतो :) (हो, मी पुरुष आहे, हो, मी विणतो, लोकलमध्ये लोक बघतात, सवय झालीय.)

ग्रॅमवर जाऊ नका. स्वेटर बनतो धाग्याच्या लांबीवर, आणि तेवढ्याच वजनात लांबी किती मिळते ते धागा कशाचा आहे आणि किती जाड आहे त्यावर ठरतं. ॲक्रिलिक हलकं, लोकर त्याहून जड, सुती सगळ्यात जड. मी एकदा लोकरीचा पॅटर्न सुती धाग्यात केला. पॅटर्नमध्ये ५० ग्रॅमचे ८ गुंडे होते, प्रत्येकी १२५ मीटर, म्हणजे १००० मीटर. मी हुशारी करून सुती धाग्याचे पण ८ घेतले. त्याच्या ५० ग्रॅममध्ये ८५ मीटरच होते. भागाकार करा, ११.८ येतात, म्हणजे १२ गुंडे. चार गुंड्यांनी तोंडावर पडलो. आणि बायकोला तो कार्डिगन ६०० ग्रॅमचा झाला, धुतल्यावर लोंबून गुडघ्याला टेकायला लागला ते वेगळंच.

तुमचं गणित: १ यार्ड म्हणजे ०.९१४ मीटर. १२०० यार्ड = साधारण ११०० मीटर. आता तुमच्या १०० ग्रॅममध्ये किती मीटर आहेत ते घरीच काढा. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, दोन्हींच्या भोवती मिळून एक फेरा किती सेंटिमीटरचा होतो ते टेपने मोजा, मग पंचवीस फेरे गुंडाळा. ताणू नका, ॲक्रिलिक ताणलं की आकडा खोटा येतो. तेवढीच लडी कापायची गरज नाही, गुंडा आधी वजन करून ठेवायचा, फेरे काढले की उरलेला गुंडा परत काट्यावर ठेवायचा, फरक म्हणजे फेऱ्यांचं वजन.

बर्लिनकर_सई
किंवा लोकर नावाजलेल्या कंपनीची असेल तर रॅव्हलरी ह्या विणकामाच्या वेबसाइटवर शोधा, तिथे बहुतेक सगळ्या धाग्यांची मीटरेज असते आणि त्याच पॅटर्नचं काम केलेल्यांनी आपल्याला किती लागली तेही टाकलेलं असतं. मी तर पॅटर्नच्या आकड्यापेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवते. पण आपल्या लोकल दुकानातल्या बिनलेबलच्या लडीला खुर्च्याच बऱ्या.

पेंगुळलेली_मनी
थांबा थांबा, सुयांचं कोणीच बोललं नाही! मेघा, पॅटर्न अमेरिकन आहे ना, मग ८ नंबर म्हणजे ५ मिमी. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात, आणि त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिमी! तिकडे नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्याकडे नंबर वाढला की बारीक. तुला आपली ६ नंबरची हवी. मी ह्यात एक आख्खी टोपी घालवलीय, भाच्याच्या डोक्याला येईना शेवटी चहाच्या किटलीला घातली.

मेघा_नाशिक
अगं बाई!! मी ८ नंबरवरच सॅम्पल विणलं काल रात्री आणि मला वाटतच होतं हे पुठ्ठ्यासारखं का लागतंय. उसवते. आणि काकू, पाच गुंडे आणले आज, लॉट नंबर सगळ्यांवर एकच आहे, तीनदा बघितला. दुकानदाराने त्यातला एक दुसऱ्याच बाईला विकायला काढलाच होता, अगदी वेळेत पोचले.

खुर्च्यांचं पण केलं. एक फेरा १६० सेंमी, २५ फेरे म्हणजे ४० मीटर, वजनात फरक २० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला २०० मीटर?

उलट_सुलट
बरोब्बर. ११०० भागिले २०० म्हणजे साडेपाच. दुकानदाराच्या पाचात गळपट्टीला लोकर उरली नसती. सहा लागणार, आणि सहा तुमच्याकडे आहेतच. पण हे झालं पॅटर्न लिहिणारीच्या हाताचं गणित. तुमचा हात सैल की घट्ट त्यावर पन्नास ग्रॅम इकडे तिकडे सहज होतं, त्यामुळे सॅम्पल विणून क्षेत्रफळावरून पण काढा.

सॅम्पल मोठं विणा, २० बाय २० सेंमी. लोक १० बाय १० विणतात, ते वजनाला चार ग्रॅम भरतं, आणि स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमच दाखवतो, म्हणजे साडेतीन असलं तरी चार आणि जवळजवळ साडेचार असलं तरी चारच. सहाशे ग्रॅमच्या स्वेटरमध्ये तेवढ्याने पाऊण गुंड्याची चूक होते. सॅम्पल एकदा धुवा, पसरून वाळवा, पूर्ण वाळल्यावरच मोजा आणि तोला. केबलचं वेगळं विणा, केबल कापड आत ओढून घेते त्यामुळे तेवढ्याच रुंदीला जास्त लोकर खाते. मापं पण टाका, मी मांडून देतो.

कोकणी_मावशी
धुणं वाळवणं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात खरी लोकर कधी तोलू नये. खरी लोकर हवेतली ओल पिते, हाताला ओली लागत सुद्धा नाही आणि वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी धरून बसते. मी जुलैत शाल अर्धी विणून उरलेला गुंडा तोलला, छान भरपूर वाटला, जानेवारीत पुण्याला लेकीकडे नेला तर तोच गुंडा हलका! मला वाटलं नातवंडांनी काढली. ॲक्रिलिकला हा त्रास नाही, पण खऱ्या लोकरीचं सॅम्पल आणि गुंडा एकाच दिवशी एकाच घरात तोलावा.

निवांत
कोकणात लोकरीची शाल कशाला लागते मावशी?

कोकणी_मावशी
एसटीत लागते. रातराणीने जाऊन बघ एकदा, खिडकी बंद होत नाही.

मेघा_नाशिक
घ्या आकडे. साधं सुलट विणीचं २० बाय २० सॅम्पल १६ ग्रॅम. केबलचं तेवढंच सॅम्पल २० ग्रॅम. ६ नंबरवर कापड अगदी मऊ पडतंय आता.

मापं: पाठ रुंदी ५८ सेंमी (छाती ४२ इंच म्हणजे १०७ सेंमी, त्यात ८-९ सेंमी सैल धरलं), उंची ६६. पुढा तेवढाच, त्यात मधला २४ सेंमी केबल. बाही मनगटाला २४, वर ४२, लांबी ५०.

उलट_सुलट
साधी वीण १०० चौरस सेंमीला ४ ग्रॅम, केबल ५ ग्रॅम.

पाठ ५८ × ६६ = ३८२८, म्हणजे १५३ ग्रॅम. पुढ्यात केबल २४ × ६६ = १५८४ म्हणजे ७९ ग्रॅम, उरलेला ३४ × ६६ = २२४४ म्हणजे ९० ग्रॅम, मिळून १६९. बाही खाली अरुंद वर रुंद, तर सरासरी रुंदी ३३ धरा, ३३ × ५० = १६५०, दोन बाह्या ३३००, १३२ ग्रॅम. सगळं मिळून ४५४. गळपट्टी, शिवण आणि टोकं धरून आणखी २०, झाले ४७४. वर दहा टक्के, ५२१.

मुंढ्याचा आणि गळ्याचा कापलेला भाग मी वजा केला नाही, मुद्दाम. खालच्या रिबच्या पट्टीला तेवढ्याच मापात लोकर जास्त जाते, ते त्यात फिटतं. तर दोन्ही वाटांनी सहा गुंडेच. सुखाने टाके घाला.

जोशीकाकू_ठाणे
एवढं सगळं करून सहाशेच आले ना रे बाळा? मी पहिल्याच पोस्टीत काय सांगितलं होतं?

आता माझ्या आईची रीत सांगते. तिच्याकडे काटा नव्हता आणि तिला चौरस सेंमी कोणी शिकवले नव्हते. ती आधी नुसती पाठ विणायची. पाठीला जेवढी लोकर गेली त्याच्या तिप्पट धरायची आणि वर गळ्यापुरती. एक पाठ, एक पुढा आणि दोन बाह्या मिळून पाठीपेक्षा थोड्या कमी, पुढ्याच्या वेणीत ती कसर निघते. म्हणून ती पाठ होईपर्यंत दुकानदाराकडे बयाणा ठेवून यायची, पाठ झाली की लगेच दुसऱ्या दिवशी बाकीची लोकर आणायची. तीन मुलांचे स्वेटर विणले, एकदाही कमी पडली नाही.

उलट_सुलट
काकू... तुमची पाठ १५३. तिप्पट ४५९. माझं एवढं लांबलचक गणित ४५४. पाच ग्रॅमचा फरक. मी आजपासून गप्प.

पेंगुळलेली_मनी
काकूंच्या आईंना सलाम __/\__

पण एक सांगू का, ही रीत गोल विणणाऱ्यांना चालणार नाही, वरून खाली एकसंध विणतात त्यात पाठ वेगळी नसतेच. तिथे मी बाह्या आधी पूर्ण करून घेते आणि अंग शेवटी, मग लोकर संपेल तिथे स्वेटर संपला. अंग दोन इंच आखूड चालतं. बाही दोन इंच आखूड असली की मूल वाढलंय असं दिसतं.

अडगळीतली_पेटी
माझ्याकडे आईचं इंग्रजी पॅटर्नचं जुनं बाड आहे, सगळं औंसात. मेघासारखीच माझी फजिती झाली. १२ औंस लिहिलं होतं, मी १ औंस म्हणजे एक २५ ग्रॅमचा गुंडा असं धरून १२ गुंडे आणले. औंस म्हणजे २८ ग्रॅम आणि वर थोडं, बारा औंसाला ४० ग्रॅम कमी पडले. गळा व्ही करून टाकला. ज्यांच्याकडे अशी बाडं आहेत त्यांनी ३४० ग्रॅम धरा.

आणि टाके घालताना शेपूट (धाग्याचं मोकळं टोक) किती ठेवायचं ह्याचा एक उपाय, सुईवर धागा दहा वेळा गुंडाळायचा, तेवढा सरळ करून मोजायचा, ती झाली दहा टाक्यांची लांबी. शंभर टाक्यांना त्याच्या दहापट आणि वर एक वीत. नाहीतर अठ्ठ्याण्णवाव्या टाक्याला धागा संपतो आणि माणूस देवाला शिव्या घालतो.

बर्लिनकर_सई
विषय निघालाच आहे तर माझी अडचण सांगते. मानेपासून सुरू होऊन दोन्हीकडे टाके वाढत जाणारी त्रिकोणी शाल विणतेय. १०० ग्रॅमचा एकच गुंडा आहे, हाताने रंगवलेला, परत मिळणार नाही. ८४ ओळी झाल्या, काट्यावर ५० ग्रॅम उरलेत. म्हणजे अजून ८४ ओळी आरामात ना?

निवांत
नाही नाही नाही. हे माझं खातं, मी विणत नाही पण बायकोच्या शाली मोजतो. त्रिकोण आहे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा मोठी. लोकर ओळींच्या वर्गाने वाढते. निम्मी लोकर संपली म्हणजे उंची निम्मी नाही, ७१ टक्के झालेली असते. ८४ ला १.४१ ने गुणा, ११८. एकूण ११८ ओळी, म्हणजे फार तर ३४ बाकी. त्यातही टाके बंद करायला शेवटच्या काठाच्या लांबीच्या चौपट धागा लागतो तो आधीच बाजूला काढा. मी तुमच्या जागी ११२ ला थांबेन.

बर्लिनकर_सई
बापरे. मी मनात किनारीला जाळीची २० ओळींची वीण ठरवून बसले होते, ती १४८ व्या ओळीला सुरू करणार होते. आता ९० लाच करते. धन्यवाद निवांत, बायकोला पण सांगा.

टाकेचुकवी
क्रोशावाल्यांनी काय करायचं? मी लोकरीचं तेच बाळाचं ब्लँकेट एकदा सुयांवर आणि एकदा क्रोशाने केलं, क्रोशाला जवळजवळ एक तृतीयांश जास्त लागली.

उलट_सुलट
(गप्प बसणार होतो पण.) पद्धत तीच, २० बाय २० तुकडा करा आणि तोला. दुसऱ्याच्या तृतीयांशावर जाऊ नका, खांब लांब घेतले की जाळी होते आणि कमी लागते, आखूड घट्ट खांब घेतले की भरपूर. ब्लँकेट चौकोनीच असतं, मुंढा नाही गळा नाही, ह्यापेक्षा सोपा हिशोब दुसरा नाही.

मेघा_नाशिक
पाच आठवड्यांनी हजर! झाला एकदाचा. भाऊ डिसेंबरात आला होता, घालूनच परत गेला.

तर हिशोब. पाठ झाल्यावर तोलली, काकूंच्या आईंना आठवून. १५८ ग्रॅम भरली, तिप्पट ४७४ आणि वर गळा. बाह्या मात्र ५० पुरल्या नाहीत, त्याचे हात लांब, ५४ कराव्या लागल्या. पाचवा गुंडा दुसऱ्या बाहीवर मनगटापासून बोटभर वर असताना संपला, आणि मला अक्षरशः घाम फुटला, मग आठवलं की सहावा आहे. सासरे समोर पेपर वाचत बसले होते, म्हणाले आता ह्याला कुठल्या रंगाचा पट्टा?

सहाव्यातले ६१ ग्रॅम उरले. म्हणजे एकूण ५३९ गेले, त्यातले ३६ सॅम्पलमध्ये, ती मी उसवली नाहीत, वहीत लावून ठेवलीत आकड्यांसकट. स्वेटर ५०३ चा. उलट_सुलट, तुमच्या ५२१ ला १८ ग्रॅम कमी.

भाऊ म्हणतो लेकाला पण त्याच लोकरीची टोपी हवी, सहा वर्षांचा आहे, डोकं ५२ सेंमी. ६१ मध्ये होईल?

जोशीकाकू_ठाणे
५२ घेर, उंची दुमडपट्टीसकट वीस धर. पन्नासच्या आत होईल. पण त्याला गोंडा हवा असणार, आणि गोंडा मेला लोकर फार गिळतो. आधी टोपी पूर्ण कर, उरलेल्याचा गोंडा कर, मग तो केवढा होईल तेवढा होईल.